मटारचा पहिला वाडगा

आर्वो केटोला तसा साऱ्या पेनिमन गावावर थोडा थोडा जळायचा, पण ते किरकोळ. घाऊक जळायचा तो एकट्या लायमन थेयरवर.

हे त्याला तोंडावर सांगायची सोय नव्हती. कोणी सांगितलंच तर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचा आणि म्हणायचा, "मी? जळतो? त्या शिडीवर?" लायमन उंच होता ना, म्हणून शिडी. स्वतः आर्वो बुटका, गोल, डोक्यावर कानांच्या बाजूला तेवढे केस राहिलेले. देवाने त्याला घडवलं तेव्हाच अमेरिकेच्या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाचं माप घेतलं असावं, असं गावात म्हणायचे. कारण जॉन ॲडम्सही असाच होता. बुटका, गोल, शेतकऱ्याच्या घरचा, आणि आपल्याला कोणी मोजत नाही हे आयुष्यभर मोजत बसणारा.

ॲडम्स आमच्याच किनाऱ्याचा. त्याच्या नावाची शाळा आहे, रस्ता आहे, कपडे धुण्याचं दुकानसुद्धा आहे. पण राजधानीत त्याचं स्मारक नाही. त्याच्यामागून राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनचं आहे. तळ्याकाठी, पांढरं संगमरवरी, वर घुमट. शाळेच्या सहलीत आर्वोने ते पाहिलं आणि मास्तरांना विचारलं, "आणि आपल्यावाल्याचं कुठंय?" मास्तर म्हणाले, "नाहीये." आर्वोच्या आजोबांनी फिनलंडहून येऊन पेनिमनच्या खाणीत जन्मभर ग्रॅनाइट कापला होता. अर्ध्या देशाचे पुतळे आमच्या दगडावर उभे आहेत, आणि आपल्याच माणसाला चौथरा मिळू नये? ते त्याने त्या दिवशी मनाला लावून घेतलं ते कायमचं. त्याच सहलीत लायमन मात्र त्या घुमटाखाली जाऊन उभा राहिला होता, आणि मुली म्हणाल्या होत्या की अगदी पुतळ्यासारखा दिसतोय.

दोघं एकाच गल्लीत वाढले. परसाला परस लागलेलं, मध्ये छातीइतकी दगडी भिंत. बेसबॉलमध्ये लायमन चेंडू फेकायचा आणि आर्वो त्याच्यासमोर उकिडवा बसून झेलायचा. पेपरात फोटो फेकणाऱ्याचा यायचा. झेलणाऱ्याचं तोंड जाळीआड असतं, त्याचा फोटो कोण काढणार? पुढे लायमनने बापाचं हार्डवेअरचं दुकान चालवलं, सगळं गाव खिळे घ्यायच्या निमित्ताने त्याच्याशी गप्पा मारायला जायचं. आर्वो घरं गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त करायचा. लोक त्याला बोलवायचे तेच मुळी घर गार पडल्यावर, आणि तो दिसला की "किती वेळ लागेल?" एवढंच विचारायचे. तरी दोघांची मैत्री होती, आणि खरी होती. जळणं आणि मैत्री एकाच घरात सुखाने राहू शकतात, हे आर्वोकडे बघून कोणालाही पटलं असतं.

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, चर्चच्या पायऱ्यांवर पत्रं वाचायची आमची प्रथा जुनी आहे. ॲडम्स आणि जेफरसन आधी जिवलग, मग निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहिले, जेफरसन जिंकला, आणि ॲडम्स त्याच्या शपथविधीला न थांबता पहाटेच्या घोडागाडीने घरी निघून आला. मग कित्येक वर्षं अबोला. म्हातारपणी ॲडम्सने आधी पत्र टाकलं, आणि मरेपर्यंत दोघं एकमेकांना लिहीत राहिले. मेलेही एकाच दिवशी, चार जुलैला. जेफरसन दुपारी गेला, ॲडम्स संध्याकाळी. आणि जाताना म्हणे ॲडम्स म्हणाला, की जेफरसन अजून आहे. त्याला कुठं ठाऊक, की तो आधीच गेलाय.

तर आमच्याकडे पायरीच्या दोन टोकांना दोन खुर्च्या. आर्वो ॲडम्स, लायमन जेफरसन, पंचवीस-तीस वर्षं तेच. आर्वोची तक्रारही तीच. ॲडम्सची पत्रं दुप्पट. "मी दोन लिहावीत तेव्हा हा एक लिहिणार, आणि टाळ्या त्या एकाला!" वाचन संपत आलं की जेफरसन हनुवटी छातीवर टेकवून मरायचा. काय सुरेख मरायचा तो! बायका रुमाल काढायच्या. मग लायमन उठून मागच्या दाराने तळघरात जाऊन ब्लूबेरी भरलेली गोड पेस्ट्री खात बसायचा, आणि इकडे आर्वोला एकट्याने उरलेली दुपार ओढावी लागायची. त्याचं शेवटचं वाक्य येईपर्यंत लोक खुर्च्यांच्या घड्या घालू लागलेले असायचे.

अकरा वर्षांपूर्वी ते दोघं खरोखरच बोलेनासे झाले. गावसभेचा सभापती आर्वो होता. वसंतात शाळेच्या व्यायामशाळेत सगळं गाव जमतं, कुंपणापासून बर्फ उपसायच्या गाड्यांपर्यंत सगळ्यावर हात वर करून मतं पडतात, आणि सभापती हातात हातोडा घेऊन उभा असतो. आर्वोच्या आयुष्यात लोकांनी त्याच्याकडे तोंड करून बसायची ती एकच जागा. लायमन त्या जागेला उभा राहिला. गावातल्या चार मोठ्या लोकांनी आग्रह केला म्हणून राहिला, असं तो म्हणाला. जिंकला. आर्वो शपथेला न थांबता व्यायामशाळेच्या मागच्या दाराने निघून गेला. बायकोने, मॉरीनने, नंतर विचारलं तर म्हणाला, "ॲडम्सही थांबला नव्हता."

"ॲडम्सला घरी यायला दोन आठवडे लागले असतील," मॉरीन म्हणाली, "तोवर त्याचं डोकं शांत झालं असेल. तू दोन मिनिटांत आलास."

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत ते फक्त चार जुलैला, फक्त पायऱ्यांवर, आणि फक्त दोनशे वर्षांपूर्वीची वाक्यं. "माझ्या प्रिय मित्रा," असं आर्वो कागदातून वाचायचा, आणि खाली उतरल्यावर त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही.

मग आर्वोकडे स्वतःचं असं उरलं काय? मटार उरले.

चार जुलैला आमच्याकडे सालमन मासा आणि कोवळे मटार. चर्चच्या तळघरात लांबच लांब टेबलं मांडतात. आणि त्या आधी पहिल्या वाडग्याची शर्यत असते. ज्याचे मटार आधी भरतील त्याने सोललेल्या दाण्यांचा भरलेला वाडगा चर्चच्या पायरीवर आणून ठेवायचा आणि घंटेची दोरी ओढायची. सगळं गाव हातातलं काम टाकून ऐकतं. चार जुलैला सालमनची पहिली थाळी त्या माणसाच्या पुढ्यात, मधल्या टेबलावर, सगळ्यांच्या आधी. एकच नियम कडक: घंटा वाजेपर्यंत दुसऱ्याच्या वाफ्याकडे बघायचं नाही. बघणाऱ्या माणसाला आमच्याकडे चोर समजतात.

आणि पहिला वाडगा दरवर्षी आर्वोचा. मैत्री होती तेव्हाही, अबोल्याची अकरा वर्षंही. थेयरांच्या परसाला दिवसभर ऊन, आर्वोच्या परसावर मेपलच्या झाडाची सावली, तरी आर्वोचाच. "ऊन असून काय उपयोग," तो म्हणायचा, "हात लागतात." समुद्राकाठून गाडीभर शेवाळ आणून कुजवून तो खत करायचा, ॲडम्स करायचा तसंच. जूनच्या शेवटच्या आठवड्यात घंटा ओढताना त्याचा चेहरा बघावा! फेकणारा लायमन, देखणा लायमन, सभापती लायमन. पण घंटा आर्वोची.

या वर्षी मार्चमध्ये गावसभा भरली होती. आर्वो नेहमीसारखा शेवटच्या रांगेत, लायमनच्या चुका मनात साठवत बसला होता. गटारांवर मतं मोजली जात होती. सगळे वर गेलेले हात बघत होते, आर्वो फक्त लायमनचा उजवा हात बघत होता. झेलणाऱ्याची सवय, तो हात कधी डोळ्याआड होऊ द्यायचा नाही. हातोडा त्या हातातून घसरायला लागलेला त्याने सगळ्यात आधी पाहिला. "लायमन!" तो ओरडला आणि खुर्च्या उलथवत पुढे धावला. अकरा वर्षांत लायमनसाठी त्याच्या तोंडून निघालेला, कागदावर नसलेला तो पहिला शब्द. पण लायमनची मान तोवर कलली होती, त्याने काही तो ऐकला नसावा.

लायमन वाचला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्यातून त्याला पुनर्वसन केंद्रात नेलं. थेयरांच्या दारात गाड्यांची रांग लागली, लोक भांडी भरभरून जेवण आणून ठेवू लागले. लायमनची मुलगी फिबी, बिचारी एकटीच बापाचं करायची, तिला फ्रीजमध्ये जागा पुरेना. आर्वो स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजत होता.

"मला फ्लू झाला होता तेव्हा कोण आलं होतं?" तो म्हणाला.

"मी होते," मॉरीन म्हणाली. "आणि तुझा आवाज ऐकून मीसुद्धा जाणार होते."

त्यात चार जुलैच्या समितीच्या मिसेस पिंकम आल्या. या वर्षी ॲडम्स-जेफरसनला जाऊन दोनशे वर्षं होत होती, टीव्हीवाले येणार होते. त्या म्हणाल्या, "आर्वो, काळजी करू नका. आम्ही जेफरसनची सोय केलीय. व्हर्जिनियाहून येतोय, धंदाच आहे त्याचा. सहा फूट दोन इंच. शिवाय स्वतःचा घोडा आणतोय."

"घोडा? पायऱ्यांवर?"

"पायऱ्यांपर्यंत. मुलांना किती आवडेल!"

"आणि ॲडम्सला काय देताय?"

"तुम्हाला ना, आम्ही खुर्चीला नवी गादी शिवलीय."

त्या गेल्यावर आर्वो पुन्हा खिडकीशी जाऊन उभा राहिला. जन्मभर ज्याच्यामुळे सावलीत राहिला तो बाजूला झाला होता, आणि त्याच्या जागी घोडा आला होता.

एप्रिलात मटार पेरायचा दिवस उजाडला. आर्वोने आपले वाफे पेरून टाकले आणि फावडं टेकून भिंतीपाशी उभा राहिला. पलीकडे सामसूम. दरवर्षी याच दिवशी पलीकडून खुरप्याचा आवाज यायचा. आर्वो तो ऐकायचा नाही असं दाखवत ऐकायचा, आणि त्या आवाजाहून जोरात खणायचा. या वर्षी तो नुसताच खणत राहिला होता. हाताला जोर आला नव्हता.

तो घरात येऊन म्हणाला, "रिकाम्या वाफ्याला हरवून काय मिळणार?"

"मग नको हरवू. बस घरात, चहा घे."

"तुला कळत नाही."

"मला चाळीस वर्षं एवढंच कळतंय," मॉरीन म्हणाली. "दुसरं काही कळून घ्यायला सवडच दिली नाहीस."

संध्याकाळच्या आत तो थेयरांच्या दारात उभा होता. फिबीने दार उघडलं. लहानपणी याच्याच खांद्यावर बसून तिने मिरवणुका पाहिल्या होत्या. "आर्वोकाका?"

"तुझ्या बापाचे मटार पेरायचेत. बी कुठे ठेवतो तो?" आणि तिचे डोळे भरताहेत हे बघून घाईने म्हणाला, "उगीच गैरसमज नको. शर्यतीला दुसरं कोणी नको का?"

फिबीने बियांचा डबा आणून दिला आणि लाकडाच्या कोठाराच्या मागे नेलं. इतकी वर्षं न पाहिलेला वाफा. कोठाराची काळी भिंत पाठीशी, समोर उतार, सगळं ऊन तिथेच येऊन बसलेलं. मातीत हात घातला तर अजून दिवसाची ऊब होती. अशी माती असून हा हरतो? इतका का आळशी आहे हा माणूस? त्याने पेरलं. शेवाळाचं खत देणार नव्हता, ते त्याचं गुपित. मग रात्रभर ते त्याला टोचत राहिलं, आणि सकाळी उठून गाडाभर खत तिथे ओतून आला. उद्या कोणी म्हणू नये की आर्वोने हात आखडला.

मे सरता सरता लायमन घरी आला. त्याची चाकांची खुर्ची मागच्या खिडकीशी असायची. बोलणं परत आलं होतं, पण विचित्र. "हो" यायचं, "नाही" यायचं, फार झालं तर एखादा सुटा शब्द ओढून ताणून बाहेर पडायचा. आणि सगळ्यात सफाईने यायची ती शिवी. जन्मात ज्याने कोणाला अरे म्हटलं नाही, तो माणूस आता पाद्रीबुवांना "गाढवा" म्हणून हाक मारत होता. डॉक्टर म्हणाले असं होतं, शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात. आर्वो वाफ्यात काम करताना खिडकीकडे पाठ करायचा. तरी पाठीवर ती नजर त्याला कळायची. दोघांपैकी कोणी काही बोललं नाही. एकाला येत नव्हतं, दुसऱ्याला जमत नव्हतं.

जून अर्धाही झाला नव्हता. आर्वोने थेयरांच्या वेलीवरची एक शेंग अंगठ्याने दाबून पाहिली आणि त्याचा हात तिथेच थांबला. भरलेली. दुसरी पाहिली, तीही. सगळा वाफा टच्च. त्याच्या स्वतःच्या वेलींवर अजून पांढरी फुलं होती. बी याच हातांनी पेरलं, खत याच हातांनी घातलं, आणि तरी तो लायमनचे मटार बघून जळत उभा होता. स्वतःच्याच कामावर जळायची वेळ त्याच्यावर आली होती.

फिबी कपडे वाळत घालत होती. तो तिच्याकडे गेला. "या वर्षी फार लवकर भरले तुमचे."

"लवकर कुठे?" ती दोरीवर चिमटा लावत म्हणाली. "दरवर्षी याच सुमाराला होतात की. आम्ही तर आतापासून खायला लागतो."

"मग घंटा का नाही वाजवत?"

फिबीने जीभ चावली. मग, आता सुटलंच आहे तर, म्हणून हसून म्हणाली, "बाबा नाही म्हणायचे. खऱ्या जेफरसनचंही तसंच होतं म्हणे. त्याच्या गावातही मटारची शर्यत असायची, आणि एक शेजारी नेहमी जिंकायचा. एका वर्षी जेफरसनचे आधी भरले, तर घरच्यांना म्हणाला, बोलू नका, मीच कधी हरत नाही असं त्याला वाटू दे, त्याला बरं वाटेल. बाबांना ती गोष्ट फार आवडते. तुमची घंटा वाजली की ते म्हणायचे, चला, आता आपलेही तयार झाले बरं का."

"अबोला धरल्यावरही?"

"अबोला तुम्ही धरला होता, काका. त्यांनी नाही."

आर्वो घरी कसा पोचला ते त्याला कळलं नाही. मॉरीन बटाटे सोलत होती. तो दारातच ओरडला, "मी इतकी वर्षं त्याची भीक खात होतो!"

सगळं ऐकून मॉरीन म्हणाली, "किती चांगला माणूस आहे."

"चांगला? अगं, माझ्याकडे एकच गोष्ट होती. एकच! तीसुद्धा त्याने दिलेली निघाली. गावात मी मान वर करून घंटा ओढत होतो, आणि हा खिडकीत बसून मटार चावत हसत असणार!"

"हसत नसेल."

"तेच तर! हसला असता तर परवडलं असतं. मोठेपणातसुद्धा तोच पुढे. मला कुठे जागाच ठेवली नाही." आणि आर्वो केटोला, वय वर्षे त्र्याहत्तर, खुर्चीत बसून रडला. रागाने रडला, पण रडला.

मॉरीनने बटाटा खाली ठेवला. "आता काय करणार?"

प्रश्न तोच होता. गप्प बसला तर दहा-बारा दिवसांत त्याचे मटार भरणार, तो घंटा ओढणार, टीव्हीवाल्यांसमोर पहिली थाळी त्याची. कोणाला कळणार नव्हतं. लायमन तर बोलूच शकत नव्हता. पण तोवर कोठारामागचे दाणे वेलीवर कडक होणार, पिठूळ होणार, कोंबड्यांना घालावे लागणार. आणि दोरी ओढताना त्याला स्वतःला कळत असणार.

दोन दिवस त्याने कोठारामागे पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फिबीच्या पायरीवर बसून त्याने वाडगाभर दाणे सोलले, आपल्या छातीशी धरून गावातून चालत गेला, चर्चच्या पायरीवर वाडगा ठेवला आणि दोरी ओढली. मिसेस पिंकम धावत बाहेर आल्या. "आर्वो! इतक्या लवकर? यंदा कमाल केलीत!"

"माझा नाही," आर्वो म्हणाला. समोर जमलेल्यांना ऐकू जाईल असा ओरडून म्हणाला, "लायमन थेयरचा वाडगा! त्याच्या वाफ्यातला, त्याच्या बियांचा. आणि दरवर्षीच त्याचा असायला हवा होता. लिहून घ्या!"

लोकांना वाटलं, काय हा मनाचा मोठेपणा! काहींनी डोळे पुसले. खरं सांगायचं तर त्यात मोठेपणा औषधालाही नव्हता. लायमन आपल्यापेक्षा मोठा ठरतोय, हे त्याला सोसवत नव्हतं, एवढंच. त्या दिवशी घंटा कोणाच्या नावाने वाजली हे फिबीने बापाला सांगितलं, तेव्हा थेयरांच्या खिडकीतून शिव्यांचा जो सपाटा सुरू झाला तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

चार जुलै उजाडला. माणसं मावेनात. व्हर्जिनियाचा जेफरसन घोड्यावरून आला. माणूस वाईट नव्हता. पण तो वाचायला लागला आणि आर्वोच्या अंगावर काटा आला. किती गुळगुळीत! लायमन तिसऱ्या पत्रात नेहमी अडखळायचा, चष्मा वर करायचा, आर्वोकडे एक क्षण बघायचा. अबोल्यातसुद्धा बघायचा. हा कॅमेऱ्याकडे बघत होता. लोक टाळ्यांचा कडकडाट करत होते, आणि आर्वो जळत होता. पण आपल्यासाठी नव्हे हे त्याचं त्यालाच उमगलं, आणि तो चकित झाला. या टाळ्या लायमनच्या होत्या. ज्याच्यावर त्याने सत्तर वर्षं जळून घेतलं, त्याच्या जागी कोणी येरागबाळा बसलेला त्याला बघवत नव्हता.

जेफरसन मेला. घोड्याने जागच्या जागी लीद टाकली. लोक खुर्च्यांच्या घड्या घालू लागले. आर्वोचं वाक्य आलं. त्याने ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणायचं असतं. तो उठला. ॲडम्स मरताना कधी उठत नाही, म्हणून लोक थांबले. ॲडम्सच्या वेषातले बकलांचे बूट वाजवत तो पायऱ्या उतरला, पहिल्या रांगेतल्या चाकांच्या खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जेफरसन अजून आहे."

कॅमेरे धावले. त्यांनी फोटो काढले ते लायमनचे. आर्वोची पाठ आली त्यात.

तळघरात लायमनला मधल्या टेबलावर बसवलं होतं. मिसेस पिंकमनी सालमनची पहिली थाळी त्याच्यापुढे ठेवली, वर हिरव्यागार मटारांचा ढीग. लायमनने थाळीकडे पाहिलं, मान हलवली. "नाही." मग डाव्या हाताने थाळी टेबलावरून ढकलली, आर्वो बसला होता त्या बाजूला. मटार टेबलभर घरंगळले.

"घे ना मुकाट्याने," आर्वो म्हणाला. कागदावर नसलेलं, समोरासमोर. "तुझीच आहे. माती तुझी, ऊन तुझं, बी तुझं."

लायमनचा अर्धा चेहरा लाल झाला. त्याने डाव्या हाताचं बोट आर्वोच्या हातांकडे रोखलं. खूप झगडून म्हणाला, "तुझे... हात."

"माती तुझी म्हणतोय ना!"

"हात! गाढवा! हात!"

"बघा, बघा, पुन्हा मोठेपणा!" आर्वो ताडकन उठला. सगळं तळघर वळून बघू लागलं. "याला बोलता येत नाही तरी हा मला जिंकवायला बघतोय! कोणी मागितलं होतं तुझ्याकडे? लहानपणापासून तू मला एकदाही, एकदाही सरळ..." ॲडम्सच्या कोटाच्या बाहीने त्याने नाक पुसलं, आणि थाळी दोन्ही हातांनी उचलून दोघांच्या बरोबर मध्ये ठेवली. मग खाली बसून, हळू आवाजात, फक्त लायमनला ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐक. पुढच्या एप्रिलमध्ये तुझ्या वाफ्याला मी बोटसुद्धा लावणार नाही. तू पेरायचंस. डाव्या हाताने पेर, पायाने पेर, मला माहीत नाही. आणि भरले की त्याच दिवशी घंटा वाजव. लपवायचं नाही. मला हरव, लेका. नीट हरव एकदा."

लायमन त्याच्याकडे बघत राहिला. तिसऱ्या पत्रात बघायचा तसा.

"हो," तो म्हणाला, आणि त्याला सफाईने येणारा तो दुसरा शब्दही लगेच जोडला.